मीटर पारखणारा छोटा व्होल्टेज कॅलिब्रेटर: आधी हिशेब, मग मोजणी, स्क्रू सर्वात शेवटी

मल्टिमीटरला दहा व्होल्टचा कॅलिब्रेटर (ठरावीक, माहीत असलेले व्होल्टेज देणारी डबी) जोडला, मीटरने १०.०६ दाखवले, लगेच मागचे झाकण उघडून प्रीसेट, म्हणजे रीडिंग जुळवायचा छोटा स्क्रू, फिरवला. कितीतरी चांगले मीटर असेच बिघडवले जातात. त्या ०.०६ मधला किती वाटा मीटरचा आणि किती कॅलिब्रेटरचा, हे ठरवल्याशिवाय स्क्रू फिरवणे म्हणजे एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज बसवणे.

खाली एडी५८४ या रेफरन्स चिपवर (स्थिर, ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या चिपवर) चालणारी, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांची डबी बांधून ती वापरायची पद्धत दिली आहे. या चिपमधून १०, ७.५, ५ आणि २.५ व्होल्ट मिळतात. त्यांना दोन साधे डिव्हायडर (व्होल्टेज विभागून कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या ओळी) जोडले की १.६६७ व्होल्ट आणि ९९ मिलीव्होल्टही मिळतात. हीच चिप बसवलेले तयार मॉड्यूल घेतले असेल तर बांधणीचा टप्पा सोडा. बाकीचा एकही सोडू नका, पहिला तर नाहीच.

## टप्पा १: कागदावरचा हिशेब

चिपच्या नंबरामागचे अक्षर पाहा. १० व्होल्टच्या आउटपुटला ‘जे’ दर्जाची हमी ±३० मिलीव्होल्ट, ‘के’ची ±१० आणि ‘एल’ची ±५ मिलीव्होल्ट आहे. तापमानाने होणारा फरक दर अंशाला अनुक्रमे ३०, १५ आणि ५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग). १० व्होल्टला १ पीपीएम म्हणजे १० मायक्रोव्होल्ट.

आता मीटरची हमी काढा. साध्या साडेतीन अंकी (१९९९ पर्यंत आकडे दाखवणाऱ्या) मीटरवर ±(०.५% + २ अंक) असे लिहिलेले असते. २० व्होल्ट रेंजमध्ये १० व्होल्ट मोजताना याचा अर्थ ५० मिलीव्होल्ट अधिक शेवटच्या अंकाचे दोन, म्हणजे २० मिलीव्होल्ट. एकूण ७० मिलीव्होल्ट. म्हणजे वर सांगितलेले १०.०६ हे रीडिंग मुळात हमीच्या आतच होते!

कॅलिब्रेटर मीटरपेक्षा किमान चौपट भरवशाचा असावा, हा या कामातला रूढ नियम. ७० ला ३० ने भागले तर २.३ येतात, म्हणून ‘जे’ चिप पुरत नाही. ‘के’ घेतली तर ७ येतात, काम भागते. मीटर साडेचार अंकी (शेवटचा अंक १ मिलीव्होल्टचा), ±(०.१% + २ अंक) असेल तर त्याची हमी १२ मिलीव्होल्टची होते आणि तीच ‘के’ चिप १.२ वर येऊन नापास होते.

त्यावर उपाय महागडी चिप घेणे हा नाही. चिप १०.००० च देते असे धरून न चालता ती नेमके किती देते ते एकदा मोजून घ्यायचे. मोजणीची अनिश्चितता ०.४ मिलीव्होल्ट, पाच अंश तापमानफरकाचे ०.७५, हजार तासांच्या ड्रिफ्टचे (काळानुसार हळूहळू सरकण्याचे) ०.२५, असे धरून २ मिलीव्होल्टची मोकळीक ठेवली तरी गुणोत्तर ६ वर जाते. चिप तीच राहते आणि नियमही पाळला जातो.

पॅकेजचाही विचार करा. प्लास्टिक पॅकेज हवेतला ओलावा शोषते, त्याचा ताण आतल्या सिलिकॉनवर येतो आणि आउटपुट किंचित सरकते. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाळा काढायचा असेल तर धातूच्या कॅनमधली हवाबंद चिप, म्हणजे ‘केएच’, घ्या. कोरड्या मराठवाड्यात किंवा विदर्भात प्लास्टिकची ‘केएन’ चालून जाते.

## टप्पा २: सामान आणि बांधणी

- एडी५८४-केएच: १
- ९ व्होल्ट अल्कलाइन बॅटरी आणि क्लिप: प्रत्येकी २
- दोन पोल, चार वे रोटरी स्विच: १
- ऑन-ऑफ टॉगल स्विच: ३ (एक मुख्य, दोन डिव्हायडरसाठी)
- मेटल फिल्म रेझिस्टर, ०.१%, २५ पीपीएम: १ किलोओहम ३, १० किलोओहम १, १०० ओहम १
- कपॅसिटर: १०० नॅनोफॅरड सिरॅमिक १, ४७ नॅनोफॅरड फिल्म १
- ४ मिमीची बाइंडिंग पोस्ट (वायर जोडायचे टर्मिनल): ४
- ॲल्युमिनियमची डायकास्ट डबी, साधारण १२० × ९५ × ३५ मिमी

स्विच, डबी, पोस्ट हे सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते. चिप मात्र अधिकृत वितरकाकडून बिलासह घ्या. जुन्या उपकरणांतून उपसलेल्या, वरचा नंबर घासून नवा छापलेल्या चिपही बाजारात फिरतात. अशा चिपच्या अक्षरावर टप्पा १ मधला हिशेब करण्यात काही अर्थ नाही.

पायांचा क्रम. कॅनची जीभ पाय ८ दाखवते. वरून पाहताना क्रमांक घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात, खालून पाहताना घड्याळाच्या दिशेने. सोल्डर करताना आपण खालूनच पाहतो, घोळ होतो तो तिथे. १ हे आउटपुट, २ हा पाच व्होल्टचा टॅप, ३ हा अडीच व्होल्टचा टॅप, ४ कॉमन (बॅटरीचे उणे टोक), ५ स्ट्रोब (आउटपुट बंद करण्याचा पाय), ८ सप्लाय. ६ आणि ७ च्या मध्ये ४७ नॅनोफॅरड बसवा, त्याने नॉइज कमी होतो. ८ आणि ४ च्या मध्ये १०० नॅनोफॅरड, चिपच्या अगदी जवळ. स्ट्रोब मोकळा ठेवा. तो कॉमनला जोडला तर चिप बंद पडते आणि ‘चिप जळालेली निघाली’ असा समज होतो.

सप्लाय. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मुख्य स्विचमधून थेट पाय ८ ला. चिप ३० व्होल्टपर्यंत सप्लाय घेते, त्यामुळे मध्ये रेग्युलेटर नको.

रोटरी स्विच. दोन्ही पोलचे मधले टोक एकमेकांना जोडा, बाहेर कुठेही नेऊ नका. मग:

- पहिली जागा, १० व्होल्ट: काहीच जोडायचे नाही
- दुसरी, ७.५ व्होल्ट: एका पोलवर पाय २, दुसऱ्यावर पाय ३
- तिसरी, ५ व्होल्ट: पाय २ आणि पाय १
- चौथी, २.५ व्होल्ट: पाय ३ आणि पाय १

आउटपुट चारही वेळा पाय १ वरूनच घ्यायचे.

डिव्हायडर. तीन १ किलोओहम ओळीने, आउटपुटपासून कॉमनपर्यंत. सर्वात खालच्या रेझिस्टरवरून एक पोस्ट काढा. स्विच ५ व्होल्टवर असताना तिथे १.६६७ व्होल्ट मिळतात. दुसरा डिव्हायडर १० किलोओहम आणि १०० ओहमचा. स्विच १० वर असताना १०० ओहमवर ९९.०१ मिलीव्होल्ट येतात. नेमके १०० मिलीव्होल्ट आणण्यासाठी ९.९ किलोओहम शोधत बसू नका, आकडा माहीत असला की तो गोल असण्याची गरज नसते. रेझिस्टर मुद्दाम लहान निवडले आहेत. मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, आणि डिव्हायडर १० किलोओहमच्या घरातला केला तर मीटर जोडल्यानेच रीडिंग ०.०५ टक्क्याहून जास्त खाली येते. १ किलोओहममध्ये तो परिणाम ०.०१ टक्क्याच्याही आत राहतो.

सोल्डर झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसून काढा. कॅनचा धातू डबीला टेकू देऊ नका.

> सावध: रोटरी स्विच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना क्षणभर काहीच जोडलेले नसते, आणि तेव्हा आउटपुट १० व्होल्टवर उडी मारते. मीटरला त्याने काही होत नाही. पण मायक्रोकंट्रोलरचे ५ किंवा ३.३ व्होल्टचे इनपुट तपासत असाल तर आधी वायर काढा, मग स्विच फिरवा. जंपरवाल्या तयार मॉड्यूललाही हेच लागू.

## टप्पा ३: पहिली चाचणी आणि मुरवणे

कोणत्याही मीटरने चारही आउटपुट पाहा. अचूकतेचा प्रश्न इथे नाही, फक्त १०, ७.५, ५ आणि २.५ च्या आसपास आकडे येतात का ते बघायचे. ५ आणि ७.५ ची अदलाबदल झाली असेल तर रोटरीच्या वायर उलट्या लागल्या आहेत. आउटपुट शून्य असेल तर आधी स्ट्रोब पाहा.

मग बॅटऱ्या काढून बाहेरचा १५ व्होल्टचा साधा लिनिअर सप्लाय लावा आणि डबी साधारण २०० तास चालू ठेवा. नव्या चिपचा ड्रिफ्ट सुरुवातीच्या दिवसांत सर्वात जास्त असतो, सोल्डरच्या उष्णतेने आलेला ताणही याच काळात उतरतो. न मुरवता कॅलिब्रेशन लॅबमध्ये (टप्पा ४) नेली तर तिथल्या दाखल्यावरचा आकडा दोन महिन्यांत शिळा होतो.

तयार मॉड्यूल असेल तर आणखी दोन गोष्टी. बऱ्याच मॉड्यूलमध्ये लिथियम सेल आणि व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर असतो, त्यामुळे चार्जिंग चालू असताना मोजणी करू नका. आणि सोबत आलेल्या कागदावर हाताने लिहिलेले चार आकडे हा कॅलिब्रेशनचा दाखला नव्हे. कोणत्या मीटरने, किती तापमानाला, कोणत्या तारखेला, किती अनिश्चिततेने मोजले, यातले काहीच त्यावर नसेल तर चिपची डेटाशीटची हमीच धरून चाला.

> तपासा: बॅटऱ्या परत लावून १० व्होल्टच्या जागेवर, डिव्हायडर चालू ठेवून, दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज मोजा. १४ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. चिपला आउटपुटपेक्षा किमान अडीच व्होल्ट जास्त सप्लाय लागतो. बॅटरी उतरली की २.५ आणि ५ व्होल्ट बिनचूक राहतात आणि फक्त १० व्होल्ट खाली येतात. तेव्हा दोष मीटरचा वाटतो.

## टप्पा ४: डबी मोजून घेणे

एनएबीएल (चाचणी आणि कॅलिब्रेशन लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये डीसी व्होल्टेजचे मोजमाप होते. मुंबईत चुनाभट्टीला आयडीईएमआय आणि अंधेरीला ईआरटीएल पश्चिम या सरकारी संस्था आहेत, पुण्यासारख्या औद्योगिक शहरांत खासगी लॅबही आहेत. जाण्याआधी डबीवर मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी चिकटवा, मग ती घरी बनवलेली का असेना. ओळख नसलेल्या वस्तूवर दाखला निघत नाही.

लॅबला नेमके सांगा: सहा बिंदू, १०, ७.५, ५, २.५, १.६६७ व्होल्ट आणि ९९.०१ मिलीव्होल्ट. पहिले चार बिंदू दोन्ही डिव्हायडर बंद ठेवून, शेवटच्या दोनांना त्या-त्या डिव्हायडरचाच स्विच चालू. चिपवर भार वाढला की आउटपुट दर मिलीअँपियरला २० ते ५० पीपीएम सरकू शकते, त्यामुळे लॅबमध्ये ज्या अवस्थेत मोजले त्याच अवस्थेत पुढे वापरायचे. नव्या बॅटऱ्या घालून न्या आणि मोजणीआधी १५ मिनिटे डबी चालू ठेवायला सांगा. दाखल्यावर प्रत्येक बिंदूपुढे मोजलेले मूल्य, अनिश्चितता आणि तापमान आहे ना, हे तिथेच पाहा.

तितका खर्च करायचा नसेल तर कॉलेज किंवा कारखान्यातला, कॅलिब्रेशनची मुदत न संपलेला साडेसहा अंकी बेंच मीटर चालेल. उदाहरणार्थ ३४४०१ए या मीटरची १० व्होल्टला एका वर्षाची हमी साधारण ०.४ मिलीव्होल्ट आहे. तो एक तास आधी चालू केलेला हवा. कोणाच्या तरी हातातल्या ‘चांगल्या’ मीटरवर मात्र भिस्त नको, कितीही महागडा असला तरी.

## टप्पा ५: मीटरची तयारी आणि रीडिंग

क्रम बदलू नका.

१. मीटरची बॅटरी बदला. स्वस्त मीटरमध्ये बॅटरी उतरली की आतला रेफरन्सही घसरतो आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येते. जुन्या बॅटरीवर प्रीसेट लावला तर नवी घातल्यावर मीटर उलट दिशेने चुकतो.

२. डबी आणि मीटर तासभर एकाच टेबलावर ठेवा, पंखा किंवा एसीच्या थेट झोतात नको. मीटरची हमी बहुधा १८ ते २८ अंशांपुरती असते. त्याबाहेर बऱ्याच मीटरना दर अंशाला मूळ हमीच्या एक दशांश जादा सूट असते. नागपूरच्या मे महिन्यात खोलीत ३८ अंश असतील तर ०.५% ची हमी १% होते. ‘के’ चिप तेवढ्या तापमानात जेमतेम सव्वादोन मिलीव्होल्ट सरकेल, अडचण मीटरचीच असते. सकाळी लवकर काम करा.

३. ऑटो रेंज बंद करून रेंज हाताने ठरवा. आरईएल बटण (आधीचे रीडिंग शून्य धरून फक्त फरक दाखवणारे) दाबलेले नाही ना, ते पाहा.

४. सर्वात खालच्या रेंजमध्ये प्रोब एकमेकांना टेकवा. एखाद्या अंकापेक्षा जास्त दिसले तर पिना आणि सॉकेट पुसा.

५. चारही व्होल्टेज २० व्होल्ट रेंजमध्ये, मग १.६६७ हे २ व्होल्ट रेंजमध्ये, मग ९९ मिलीव्होल्ट हे २०० मिलीव्होल्ट रेंजमध्ये. २००० काउंटच्या (साडेतीन अंकी) मीटरवर २.५ व्होल्ट हे २ व्होल्टच्या रेंजमध्ये मावत नाहीत. डिव्हायडर नसेल तर ती सर्वात जास्त वापरली जाणारी रेंज न तपासताच राहते.

६. प्रत्येक ठिकाणी प्रोब उलटे करून पुन्हा वाचा. अधिक आणि उणे यांत एक-दोन अंकांचा फरक ठीक, त्याहून जास्त असेल तर तो प्रीसेटने जाणारा दोष नाही.

> सावध: २०० आणि ६०० व्होल्टच्या रेंज तपासण्यासाठी भिंतीतला २३० व्होल्टचा सॉकेट वापरू नका. तो रेफरन्स नाही, दिवसभर हलत असतो. एसी रेंजबद्दलही ही डबी काही सांगत नाही.

## टप्पा ६: चूक कोणत्या जातीची

रीडिंगमधून १०.०० वजा करायचे नाहीत, दाखल्यावरचे मूल्य वजा करायचे. मग चारही फरक शेजारी मांडून पाहा.

दोन मीटर घ्या. पहिला २.५३, ५.०६, ७.५९, १०.१२ दाखवतो. दुसरा २.५३, ५.०३, ७.५३, १०.०३. फक्त अडीच व्होल्टवर तपासले असते तर दोन्ही सारखेच दिसले असते. पहिल्यात फरक प्रत्येक ठिकाणी १.२%, म्हणजे गेनची चूक. हमीच्या बाहेर आहे आणि प्रीसेटने जाऊ शकते. दुसऱ्यात फरक सगळीकडे ३० मिलीव्होल्टचा, म्हणजे ऑफसेट. तो प्रीसेटने घालवायला गेलात तर १० व्होल्टला बरोबर बसेल आणि २.५ ला चुकतच राहील. आरईएल, घाण झालेला रोटरी स्विच, बोर्डावरचा ओलावा ही त्याची नेहमीची कारणे.

२०० मिलीव्होल्ट आणि २ व्होल्ट रेंज बरोबर, पण २० व्होल्ट रेंज चुकते? मीटरच्या आतल्या डिव्हायडरमधला रेझिस्टर सरकला आहे, बऱ्याचदा ओहम रेंजवर असताना चुकून जास्त व्होल्टेज लागल्याने. रेझिस्टरच बदलावा लागतो. फक्त १० व्होल्टचे रीडिंग कमी येते? डबीच्या बॅटऱ्या मोजा. मिनिटामिनिटाला आकडा एकाच दिशेने सरकतो? तापमान अजून स्थिरावलेले नाही, थांबा.

फरक हमीच्या आत असेल तर नोंद करून मीटर बंद करा. अर्ध्या हमीइतका फरक ‘सुधारण्याचा’ मोह होतो खरा, पण तो मीटर आपले काम नीट करतो आहे.

## टप्पा ७: प्रीसेट

इथपर्यंत पोहोचायचे ते फक्त हमीबाहेरच्या गेनच्या चुकीसाठी. डीटी-८३० घराण्यातल्या मीटरमध्ये आयसीएल७१०६ जातीची चिप असते आणि एक प्रीसेट तिचा १०० मिलीव्होल्टचा रेफरन्स ठरवतो. सर्व डीसी रेंज त्या एका स्क्रूवर हलतात, म्हणून एका रेंजपुरता प्रीसेट लावणे शक्यच नसते.

प्रोब काढा, झाकण उघडा, मग २०० मिलीव्होल्ट रेंजमध्ये ९९ मिलीव्होल्ट जोडा. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या. प्रीसेटची मूळ जागा मार्करने रेघ मारून ठेवा, फोटोही काढा. केसभर फिरवा, पाच सेकंद थांबा, वाचा. जुना प्रीसेट उड्या मारत असेल तर दोन्ही दिशांना थोडा हलवून परत आणा. दाखल्यावर ९८.९७ असेल तर ९९.० दिसले की थांबा.

या रेंजचा एक अंक म्हणजे ०.१%, त्यामुळे लगेच २ व्होल्ट रेंजमध्ये १.६६७ पाहा. तिथला अंक ०.०६ टक्क्याचा आहे. दोन्हींत थोडी ओढाताण दिसली तर मधली जागा धरा. शेवटी २० व्होल्ट रेंजचे चारही बिंदू, आणि झाकण लावून दहा मिनिटांनी सगळे पुन्हा.

> सावध: बटणांतून कॅलिब्रेशन होणाऱ्या मीटरमध्ये आकडे मेमरीत साठवलेले असतात. त्या मीटरची सर्व्हिस पुस्तिका हाती नसेल तर कॅलिब्रेशन मोडमध्ये शिरू नका. तो मागेल ते व्होल्टेज नेमके देता आले नाही तर आधीचे चांगले आकडे पुसले जातात. कारखान्याच्या ऑडिटसाठी दाखला असलेल्या मीटरचे सील तर तोडूच नका.

## टप्पा ८: नोंद आणि फेरतपासणी

वहीत तारीख, खोलीचे तापमान, डबीच्या बॅटऱ्यांची बेरीज, सहा रीडिंग आणि प्रीसेट फिरवला की नाही, एवढे पुरे. फिरवला असेल तर आधीची आणि नंतरची, दोन्ही रीडिंग लिहा.

डबी वर्षातून एकदा पुन्हा मोजून घ्या. मधल्या काळात महिन्यातून एकदा दोन वेगवेगळ्या मीटरवर १० व्होल्ट पाहून लिहून ठेवा. एकच मीटर सरकला तर संशय त्या मीटरवर. दोन्ही एकाच दिशेला आणि साधारण सारख्याच टक्क्याने सरकले तर डबीवर, मग वर्ष पुरे व्हायची वाट न पाहता ती लॅबला पाठवा. महिनाभर वापर नसेल तर बॅटऱ्या काढून ठेवा, आणि पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची एक पुडी टाका.